चुलतीचं नाव तळटिपेत

"संदर्भ क्रमांक चार." सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझा निबंध भर वर्गात मोठ्यानं वाचायला घेतला. "गयाबाई, माझी चुलती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी."

वर्ग हसला.

"ही चुलती कोणत्या प्रकाशनाची हो, बाई?"

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, आवृत्ती कितवी?" त्यावर सरही हसले. मी उभीच होते. बस म्हणालं नव्हतं कुणी.

नांदेडच्या कॉलेजात मी समाजशास्त्रात एम. ए. करत होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. एम. ए.ला एका पेपरऐवजी मोठा निबंध लिहून द्यायचा होता. संदर्भ कसा द्यायचा, हे निलंग्याच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. तिथं निबंध म्हणजे सुविचारानं सुरू करायचा आणि देशभक्तीवर संपवायचा. सरांनी फळ्यावर एकदाच लिहिलं होतं. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पान. वर म्हणाले होते, "जे ज्याच्याकडून घेतलं, त्याचं नाव प्रामाणिकपणे खाली द्या."

मी प्रामाणिकपणे दिलं.

चुलतीकडून घेतलेलं ते असं. मोठ्या दुष्काळात गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं. मी घरी धाकट्यांना सांभाळायची, चुलती खडी फोडायची. कामावर पाण्याचे दोन रांजण. आमच्या बौद्धवाड्याचा वेगळा, लहान, उन्हात. एका दुपारी तो संपला. चुलतीनं दुसऱ्या रांजणात पेला बुडवला. मुकादमानं तो रांजण लाथेनं पालथा केला. भरलेला रांजण. त्या दुष्काळात. शंभर तोंडं कोरडी होती आणि पाणी ढेकळांनी पिलं. कुणी मुकादमाला बोललं नाही. सगळ्यांनी शिव्या दिल्या त्या चुलतीला.

"हे पुराव्याविना आहे," सर म्हणाले. "काढा. माझ्या पुस्तकात या कामांवर अख्खं प्रकरण आहे. ते बघा, त्याचा संदर्भ द्या."

मी "हो सर" म्हणाले. खरंच म्हणाले. सरांनीच मला ग्रंथालयातून पुस्तकं घरी न्यायची परवानगी मिळवून दिली होती. त्या उपकाराखाली मी वाकलेली होते. वाटलं, चूक माझीच. आपल्याला रीत माहीत नाही.

सरांच्या पुस्तकात वाक्य होतं, दुष्काळी कामावर सर्व जातींचे मजूर एकाच रांजणाचे पाणी पीत. चुलतीचा परिच्छेद खोडून मी ते वाक्य सुंदर अक्षरात उतरवलं. पान क्रमांक लिहायला पुन्हा पुस्तक उघडलं, तेव्हा पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली टीप दिसली. आमच्याच रस्त्याचं नाव. पुढे लिहिलेलं, कामावरील मुकादमाशी झालेली चर्चा.

मी ती टीप परत परत वाचली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले. "सर, मुकादमाचं बोलणं चालतं. मग माझ्या चुलतीचं का न्हाई?"

"न्हाई नव्हे. नाही म्हणा आधी." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मुकादम जबाबदार माणूस असतो. तुम्हाला प्रवेशात सवलत, शिष्यवृत्तीत सवलत. आता पुराव्यातही सवलत पाहिजे का?"

तोवर मी शिक्षकांशी बोलताना त्यांच्या चपलांकडे बघायची. त्या दिवशी तोंडाकडे बघितलं. साधं तोंड होतं. मिशीला चहा लागलेला.

शनिवारी एसटीनं गावी गेले. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. स्टँडवर त्याचीच चर्चा, पुढाऱ्यांच्या नावांचे फलक. गावात मुकादम आता सोसायटीचा चेअरमन होता. निबंध कॉलेजात राहणार, उद्या कुणी त्याला सांगितलं तर? चुलतीला विचारल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. वर्ग हसला तेही.

"त्येचं बोलनं छापलंय पुस्तकात?"

"छापलंय, काकू."

"मग माझंच का पुसून टाकतीस?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "लिव्ह. मला काय करंल त्यो? पानी न्हाई देनार? तवा तरी कुटं दिलं हुतं!"

मी परिच्छेद परत लिहिला. सरांचं वाक्यही ठेवलं. लेखक, प्रकाशक, वर्ष, पान, सगळं त्यांच्या रीतीनं. मुकादमाचं सांगणं आणि चुलतीचं सांगणं एकाखाली एक मांडलं. खाली लिहिलं, पहिलं खोटं आहे.

त्या पेपरात मी नापास झाले.

सरांनी निरोप पाठवला. विषय बदला, पुढच्या खेपेला बघू. बरोबरच्या मुलीही म्हणाल्या, "बदल ना गं, तुझं काय जातंय?"

पदवी मला पाहिजे. हात जोडून नको, पण पाहिजे. हसणाऱ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त पाहिजे. मात्र सगळे एकाच रांजणाचं पाणी प्याले असं लिहून मिळणार असेल, तर ती त्यांनी ठेवून घ्यावी. मी पुन्हा अर्ज भरला आहे. विषय तोच. एकच बदल केला आहे. सरांच्या टिपेत मुकादमाला नाव नव्हतं. मी ते आडनावासकट लिहिलं आहे.