कोणत्या धक्क्यात गेले ताईचे पाय

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही. मनात आलं, आता तरी कोणी खरं सांगेल...

ताई माझी मोठी बहीण. आसेगावजवळ भाजीचा मळा करायची. मळ्यासमोरच एका मोटारसायकलने तिला उडवलं. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी तळव्याला बोट लावलं तर तिने पाय आखडून घेतला. "गुदगुल्या होतात जी," म्हणाली. मणक्याला मार आहे, अकोल्याला न्या, पण धक्के बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. ॲम्ब्युलन्समध्ये भाऊजी ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे ताईपाशी. गाडी अशी सुटली की खड्ड्याखड्ड्याला तिचं अंग स्ट्रेचरवरून उचललं जाऊन आदळायचं. पट्टे होते, ते नुसते अंगावर टाकलेले. मी तिची कंबर दाबून धरली, मधली काच ठोकली, ओरडलो. सायरनपुढे कोण ऐकणार? आधी ताई कण्हत होती. मग एकदम शांत झाली...

"माहे पाय खाली लटकून राह्यले काय रे? वर घे ना."

पाय स्ट्रेचरवरच होते.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, अशी दुखापत मागाहूनही वाढते, वाटेत काय झालं ते सांगता येत नाही. ताईला घरी आणलं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, ताप भरला, आणि ती गेली.

माझा संशय ड्रायव्हरवर होता. तेरवीनंतर त्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "मी हळूच घेऊन राह्यलो होतो. तुमचे भाऊजीच म्हने, पळव, नाहीतं बायको मरून जाईन."

तेव्हा ध्यानात आलं, भाऊजी सगळ्यांना रस्ता खराब होता म्हणून सांगत. वेगाचा शब्द कधी निघाला नाही. की ड्रायव्हरच आपलं त्यांच्यावर ढकलत होता? शेवटी मी भाऊजींना सरळ विचारलं.

"तू तिच्या कमरेपाशी होता," ते म्हणाले. "मले काचीतून तिचं तोंड दिसे."

हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी अजून त्यांच्याकडे तिरक्या नजरेनेच पाहतो.

परवा मळ्यात गेलो. टमाटे निघाले होते. ताई क्रेटच्या तळाशी वाळलं गवत अंथरायची, वरून एकेक टमाटा देठ सांभाळून ठेवायची. भाऊजी अगदी तसंच करत होते. मालाचा ऑटो आला. पुढची जागा रिकामी असून ते मागे क्रेटपाशी बसले, दोन्ही हात क्रेटवर ठेवून.

"बाजार हुकला तं हुकू दे," ते ऑटोवाल्याला म्हणाले. "हळू घे."