बरे झालेले आले नाहीत

माणसाला तोंडावरून न ओळखता चालण्यावरून ओळखणारा इसम आख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. आमचे दाजी जालन्याच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. लोक त्यांना मालिशवाले डॉक्टर म्हणत. दाजी दर वेळी तितक्याच कळकळीने सांगत की आपण मालिश करत नाही, आखडलेले सांधे आणि लुळे पडलेले हातपाय व्यायामाने पुन्हा कामाला लावतो. समोरचा मान डोलवून विचारी, तेल घरून आणू का. लग्नात सगळे नवरीकडे बघतात, दाजी पंगतीत कोण कसं खाली बसतं ते बघतात. बऱ्या झालेल्या पेशंटच्या मागे ते थेट मंठ्याच्या बाजारात हिंडत. एकदा एका म्हातारीच्या लेकाने पाकीटमार समजून त्यांची कॉलर धरली. "मी माझं काम तपासून राह्यलो," दाजी शांतपणे म्हणाले. "आईची टाच बराबर टेकत न्हाई. उद्या घेऊन या."

मागच्या वर्षी दवाखान्याच्या मालकांनी बजावलं, तुमच्या खोलीचा उपयोग काय ते दाखवा, नाहीतर तिथे औषधांचं दुकान टाकतो. दाजींनी बऱ्या झालेल्या सगळ्यांना बोलावलं. सगळे येतो म्हणाले. त्या दिवशी धीर द्यायला म्हणून मीही गेलो होतो. पण कोणी अंकुशनगरला ऊसतोडीला गेलेलं, कोणी एमआयडीसीत पाळीवर, कोणी नातवाला शाळेत सोडायला. आला फक्त एक जण, तोही न बोलावता, सळयांच्या कारखान्यात यंत्रात हात सापडलेला एक कामगार. त्याला वेळच वेळ होता, कारण त्याचा हात अजून तसाच लोंबत होता.

"काय फरक पडला?" मालकांनी त्याला विचारलं.

"हाताला न्हाई पडला," तो म्हणाला. "पर साहेब, घरच्यांनी बी ह्या हाताकडं बघायचं सोडलंय. हे डाक्टर रोज बघतेत."

आता तरी दाजींनी सांभाळून घ्यावं की नाही? पण ते म्हणाले, "माझ्याच्यानं त्याचा हात उठला न्हाई, हे खरंय." खोली गेली.

बाहेर आल्यावर मी बऱ्या झालेल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. दाजींचा चेहरा पार उतरला होता, तरी ते त्यांचीच बाजू घेत राहिले. "कामाला लागलेत ते. मंग कशाला येतील?"

हल्ली दाजी मोटारसायकलवरून घरोघरी जातात. त्या कामगाराकडे तर रोज. हात काही उठत नाही. गुण येत नाही तर कशाला जाता, असं ताई विचारते. मलाही तेच विचारायचं असतं, पण धीर होत नाही. दाजी हेल्मेट घालता घालता म्हणतात, "जो आल्ता, त्याच्याकडं तरी जायला पायजे."