पडणार असेल तर बोला

शिट्टीमास्तरांनी बत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली. त्यांनी ‘सावधान’ म्हटलं की कुंपणावरचा कावळासुद्धा ताठ बसायचा म्हणे. कावळ्याची साक्ष कोणी काढलेली नाही, पण पोरं ताठ व्हायची हे खरं.

निवृत्त झाले आणि हुकूम सोडायला उरलं फक्त घर. कपडे दोरीवर कसे वाळत घालावेत, शेगडी कुठल्या हाताने पेटवावी, गल्लीत गाडी कशी लावावी, सगळ्याचे नियम मास्तरांकडे तयार. सूनबाई वाद घालत नसे. गाडी लावताना मास्तर दारात दिसले की ती काच वर करून घ्यायची, बस्स. शेवटी मास्तरांच्या बायकोनेच हात टेकले. कुठेतरी कामाला लागा, नाहीतर या घरातून मी निवृत्त होते, म्हणाली.

गावाबाहेर एक शिबिराचं मैदान होतं. कचेऱ्यांतले लोक, कॉलेजची मुलं तिथे यायची, दोरांवरून चालायची, कोडी सोडवायची आणि मग गोलात बसून काय घडलं ते बोलायची. खेळ घेणारा माणूस हवा होता. मास्तरांना वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ.

पहिल्याच दिवशी घोटाळा. खेळ असा, की बारा जणांनी एका ताडपत्रीवर उभं राहायचं आणि जमिनीला पाय न लावता ती उलटी करायची. पाच मिनिटं लोक चाचपडले, तेवढ्यात मास्तरांनी स्वतःच कोपरा धरून ताडपत्री फिरवून दाखवली. मग गोलात विचारलं, काय शिकलात? एकजण म्हणाला, “काही नाही सर, तुम्हीच केलंत की.”

दुसऱ्या गटाला मास्तरांनी शब्दही सांगितला नाही. पण भुवया? त्या डावीकडे उडाल्या की गट डावीकडे, उजवीकडे उडाल्या की उजवीकडे. शिबिराच्या प्रमुख बाई मास्तरांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हसू आवरलं आणि एकच नियम सांगितला.

“मास्तर, कोणी पडणार असेल तर बोला. चुकणार असेल तर बोलू नका. अजून एक गट देते. त्यांचाही खेळ तुम्हीच सोडवलात, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

मास्तरांच्या डोळ्यांपुढे घर आलं. पुन्हा दिवसभर घर, पुन्हा ती वर जाणारी काच.

आणि तिसऱ्या गटाची बस आली, तर तिच्यातून पहिली उतरली कोण? सूनबाई! तिच्या कचेरीचाच गट. सासऱ्यांना बघून तिचा चेहरा असा झाला, जणू रजेच्या दिवशी साहेब दारात उभा.

मास्तरांनी टोपी भुवयांवर ओढली, हात पाठीमागे घट्ट बांधले. बाई झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या.

ताडपत्रीवर पुढाकार घेतला सूनबाईनेच, आणि घेतला तो साफ चुकीचा. सगळ्यांना मधोमध गोळा केलं. मधोमध गर्दी केल्यावर ताडपत्री वळणार कुठून? मास्तरांच्या जिभेला खाज सुटली. दहा मिनिटं गेली. रोखपाल बाई शिपायाच्या बुटांवर उभ्या, शिपाई कण्हतोय, साहेब घामाघूम. एक उत्साही तरुण दुसऱ्याच्या खांद्यावर चढू लागला, तेव्हा मास्तर गरजले, “खांद्यावर नाही!” आणि पुन्हा गप्प. झाडाखालून प्रमुख बाईंनी मान डोलावली.

सूनबाईने टोपीखाली वाकून पाहिलं. पुढची सूचना आलीच नाही. ती मागे वळून म्हणाली, माझं चुकतंय बहुतेक, कोणाला काही सुचतंय का? तेव्हा कडेचा अबोल टंकलेखक पुटपुटला, की एका कडेला एकमेकांच्या बुटांवर उभं राहिलं तर अर्धी ताडपत्री मोकळी होते. शिपायाकडे पाहून सुचलं होतं त्याला! मोकळी बाजू दुमडली, एकेक जण त्या उलट्या भागावर सरकला, उरलेली खालून ओढली. बत्तीस वर्षं कवायत शिकवूनही ही युक्ती मास्तरांना सुचली नसती.

गोलात मास्तरांनी विचारलं, काय घडलं? कोणी बोलेना. वर्गात शांतता म्हणजे धडा कोणालाच आला नाही, अशी त्यांची जुनी समजूत. मनातल्या मनात ते कवायतीचे आकडे मोजत राहिले. सतराव्यावर सूनबाई बोलली.

“मला वाटलं, बाबा आता सांगतील. नाही सांगितलं. म्हटलं, म्हणजे आपल्याला जमण्यासारखं असणार.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. टोपी वर केली, तर भुवया घामाने चिंब. जाता जाता प्रमुख बाई म्हणाल्या, सोमवारी आठला या, चाळीसजण आहेत.

संध्याकाळी सूनबाईची गाडी गल्लीत मागे मागे येत होती. मास्तर दारात, हात पाठीमागे. काच खालीच होती.

“बाबा, काही सांगायचंय?”

“भिंतीला लागणार असेल तर सांगेन.”

गाडी जरा तिरकी लागली. मास्तर आत जाऊन चहा प्यायले.