माझे आकडे, तिचं स्टेन्सिल

राहुरीला शेतीच्या संशोधनाच्या एका कचेरीत मी आकडेमोड करायचो. हाताने मूठ फिरवून बेरजा करायचं यंत्र आणि ज्वारीच्या चाचण्यांचे आकडे, एवढाच माझा संसार. तिथे एकाच निकालाला चार सोंगं घ्यावी लागायची. फाइलसाठी शाईने लिहिलेला मोठा तक्ता, गावोगाव वाटायला स्टेन्सिलवर टाइप केलेला अहवाल, छापखान्यासाठी ट्रेसिंग कागदावर आलेख आणि पुण्याच्या कॉम्प्युटरसाठी पाठवायची भोकं पाडलेली कार्डं. पहिलं सोंग माझं, बाकीची तिन्ही तिची.

ती आमच्या कचेरीतली टायपिस्ट, राहात्याकडची, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मला दादा म्हणायची. तिच्या स्टेन्सिलवर दुरुस्तीचा लाल ठिपका कधी दिसायचा नाही. साहेब प्रत उजेडात धरून म्हणायचे, "अहवाल असा हवा." त्यातला प्रत्येक आकडा माझ्या मनगटातून निघालेला, हे कुणाच्या ध्यानात नसायचं. आमचा म्हातारा शिपाईसुद्धा माझ्याच टेबलावर चहा ठेवत म्हणायचा, "बाईंचं काम लई देखनं हाय." आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मी जळायचो, आता ते लपवण्यात अर्थ नाही.

दुष्काळाच्या वर्षी आमच्यातल्या एकाला कॉम्प्युटर शिकायला पुण्याला पाठवायचं ठरलं. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की जेवताना घास तोंडात फिरायचा.

त्याच आठवड्यात ज्वारीच्या अहवालाच्या प्रती सायक्लोस्टाइल होऊन आल्या. माझा तक्ता शेजारी ठेवून मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. ते माझं काम नव्हतं. तिसऱ्या वाणाची सरासरी तक्त्यात एक होती आणि तिच्या प्रतीत दुसरीच. मला इतका आनंद झाला की मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आलो. मग तिच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि प्रत साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी दोघांना बोलावलं. यंत्रही आणायला लावलं. "फिरवा," ते मला म्हणाले.

मी फिरवलं. तिचा आकडा आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिचाच. एका वाणाची बेरीज झाली की यंत्र शून्यावर आणायचं असतं. तक्ता करताना मी तेवढंच विसरलो होतो, आणि दुसऱ्या वाणाचा आकडा तिसऱ्यात मिसळला होता. ही नवशिक्याची चूक.

"मग स्टेन्सिलवर बरोबर कसं आलं?" साहेबांनी विचारलं.

"मला शंका आली म्हणून मी फिरवून पाहिलं होतं," ती म्हणाली. "दादांना सांगायचं राहून गेलं, चुकलंच माझं. त्यांच्याकडून असं पहिल्यांदाच झालंय, साहेब."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "खरंच पहिल्यांदा?"

ती खाली बघत म्हणाली, "चौथ्यांदा, दादा."

पुण्याला ती गेली. तिच्या कॉम्प्युटरचा हेवा दोनएक वर्षांत ओसरला. पण तिच्या जागी मी असतो तर तिच्यासाठी ते खोटं बोललो नसतो, हे मला ठाऊक आहे. ती मात्र सहज बोलून गेली, आणि त्याचा हेवा मला अजून वाटतो.