विहिरीतले शिंपले

मानोऱ्याला मास्तर असताना मी ज्याच्याकडून वांगी घ्यायचो, त्या माळ्याला शिंपल्यांचा नाद होता. मोती येतील म्हणून मळ्यातल्या हौदात त्याने नदीतले शिंपले पाळले होते. रोज सकाळी हौदात कोपर बुडवून तो पाणी किती तापलंय ते पाहायचा, लेकराला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखा. बोलताना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा.

एका उन्हाळ्यात शिंपले तोंड उघडून मरू लागले. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "विषाणूचा रोग दिसतो. याला औषध नाही."

"औषद नाई, पन थंड पानी तं हाये ना! थंड पानी तं हाये!"

जिवंत होते तेवढे शिंपले टोपल्यात घालून त्याने विहिरीत खोल सोडले. पाणी खाली जाऊ नये म्हणून मोट बंद ठेवली. वांगी सुकली. बायको रोज बोलायची, तो ऐकून घ्यायचा.

पंधरा दिवसांनी माझ्यासमोरच त्याने टोपलं वर ओढलं. जरासं तोंड उघडलेल्या एका शिंपल्यात बोट घातलं, तर त्याने ते घट्ट धरलं.

"पाहा मास्तर, चावून राह्यला! चावून राह्यला!"

त्याच्या ओरडण्याने बायको धावत आली. क्षणभर पाहत राहिली. मग दुसऱ्या शिंपल्यात तिने हळूच आपलं बोट घातलं आणि "अवो माय!" म्हणून हसायला लागली.