सुरत: नाण्याची कड आणि माझा शब्द

सुरतेला जायचं ठरलं ते एका पुस्तकासाठी. व्यापारात फिरलेली जुनी चांदीची नाणी मी जमवतो. आजवर माझा आधार एकच होता. नाण्यांच्या प्रदर्शनात घेतलेली एक पातळ पुस्तिका, तीही झेरॉक्स. तिथल्या गोपीपुऱ्यात एका निवृत्त जरीवाल्याकडे खरं पुस्तक आहे असं कळलं. जाड, इंग्रजी. प्रत्येक नाण्याची पुढची बाजू, मागची बाजू आणि कड. ते तो कुणाला देत नाही. घरी आलेल्याला दाखवतो.

धुळ्याहून सकाळची एसटी घेतली. साक्री, नवापूर, सोनगड, व्यारा. सहा तास धरा. कोंडाईबारीच्या घाटात ट्रक अडला तर सात. नवापूरला चहा घ्या, पुढे गाडी थांबेलच असं नाही.

सुरतेत उतरलो गोडादऱ्यात, मावशीकडे. दोन खोल्या, वर पत्रा. मावसभाऊ देविदास पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या मिलमध्ये आहे. त्याची रात्रपाळी होती, तो झोपला होता. मावशीनं भाकरी थापता थापता पाहिलं.

"उना का रे भाऊ? बठ. वाळी गया तू."

कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. हॉटेलात उतरणाऱ्यांना हे मिळणार नाही, त्यांनी लोचो खावा, सुरतेचा डाळीचा वाफवलेला नाश्ता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ला. गरम, तेल आणि शेव वरून. मग शेअर रिक्षा. दोनदा बदलावी लागते.

जरीवाले काका ऐंशीच्या पुढचे. दारातच म्हणाले, "पहले हाथ धोओ."

मी मोबाइल काढला.

"फोटो नहीं. लिख लो. फोटो से सिर्फ मोबाइल भरता है."

तेव्हा वही न्या. भिंगही न्या, त्यांचं भिंग ते देत नाहीत.

पुस्तकात मी आठ रियालचं स्पॅनिश नाणं शोधलं. ही चांदी जहाजांनी सुरतेला यायची. बरीचशी इथल्या टाकसाळीत वितळून रुपये व्हायची. अख्खं नाणं उरलं तर ते नशिबानं. तसं एक मी हातात धरलं होतं. मावशीचं. तिच्या सासूनं तिला लग्नात दिलेलं. दर लक्ष्मीपूजनाला पहिलं हळदकुंकू त्याच्यावर. चार वर्षांपूर्वी मी ते तपासलं होतं. वजन सत्तावीस ग्रॅम, बरोबर. पण कडेवर गोल आणि चौकोनांची नक्षी होती, ती समोरासमोर दोन जागी एकावर एक चढली होती. पुस्तिकेत लिहिलं होतं, अशी चूक सरकारी टाकसाळ करत नाही. मी नाणं खोटं ठरवलं. मावशीला तसं सांगितलं. ब्लॉगवरही लिहिलं.

काकांच्या पुस्तकात कडेचं वेगळं पान होतं. नाणं दोन पट्ट्यांमध्ये फिरवून कडेची नक्षी उठवत. प्रत्येक पट्टी अर्ध्याहून किंचित जास्त कड करी. म्हणून खऱ्या नाण्याची नक्षी दोन जागी एकावर एक चढते. नक्कल करणाऱ्यांना बहुधा हेच जमत नाही.

मी पान पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

मोबाइलमधला मावशीच्या नाण्याचा जुना फोटो काढून काकांपुढे धरला. त्यांनी भिंग लावलं.

"सच्चा छे. किसने खोटा बोला?"

"मैंने."

"तो जाके बोलो, सच्चा है. नाक थोडा कटेगा. वापस आ जाएगा."

मी लोचोवाल्याच्या पुढून जवळजवळ पळत गेलो. नाक कापलं जाण्याचा आनंद होता.

घरी देविदास जेवत होता. त्याची बायको रेखा वाढत होती. मी उभ्यानंच म्हणालो, "मावशी, नाणं काढ. ते खरं आहे."

देविदासचा हात ताटात थांबला.

"दादा, ते नाही आता."

"नाही म्हणजे?"

"तूच बोलला ना, खोटं आहे. खोटं देवात कसं ठेवायचं? मागच्या धनतेरसला मोडलं. हिची जोडवी केली." मग तो म्हणाला, "सोनार बोलला, चांदी एक नंबर आहे, विचार करा. मी बोललो, आमचा दादा पुस्तकं वाचतो."

मी रेखाच्या पायांकडे पाहिलं. तिनं पाय साडीखाली ओढले. मग हळूच म्हणाली, "काढून देऊ का?"

"गप वं," मावशी म्हणाली. "सवाशीण जोडवी काढस का?"

मी खाली बसलो. चूक माझी, पुस्तिकेची नव्हे, असं काहीतरी बोललो. मावशीनं ऐकून घेतलं.

"तव्हय तू सांगं, मी मानं," ती म्हणाली. "आते बी मानस. पन उद्या तुले आखो तिसरं पुस्तक भेटनं मंग?"

देविदास हसला. एकटाच. मग डबा उचलून कामावर गेला. मावशीनं माझ्यापुढे ताट ठेवलं. मी जेवलो. काय जेवलो ते या ब्लॉगवर पहिल्यांदाच सांगता येत नाही.

धुळ्याला परतताना वही मांडीवर होती. तुम्ही पुस्तक घेणार असाल तर एवढं पाहा: नाण्याच्या कडेचा फोटो आहे का, वजन दिलं आहे का, लिहिणाऱ्यानं नाणं स्वतः कुठे पाहिलं ते सांगितलं आहे का. नसेल तर घेऊ नका. आणि एकाच पुस्तकावरून कुणाच्या देव्हाऱ्यातल्या वस्तूबद्दल बोलू नका.

घरी पोचल्यावर आधी तो जुना लेख उघडला. वर मावशीच्या नाण्याच्या कडेचा फोटो. खाली ठळक अक्षरांत माझं वाक्य: नक्षी अशी चढलेली दिसली की नाणं खोटं समजा. लेख काढून टाकणार होतो. त्याआधी खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. अनोळखी माणसं, वाचक. एकानं लिहिलं होतं, "उपयुक्त माहिती. आजीच्या नाण्याची कड अगदी अशीच निघाली. लगेच मोडून टाकलं. धन्यवाद."

त्याखाली मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.