तणसावरचं लँडिंग

मी जिम्नॅस्टिकचा कोच म्हणून कॉलेजात लागलो तेव्हा मुलाखतीत प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला, "सव्वीस जानेवारीला पिरॅमिड बसवता येईल ना?" मी म्हटलं, येईल. झाली नेमणूक. कॉलेज मूल आणि सावली या तालुक्यांच्या मधल्या धानपट्ट्यातलं. तिथं गेली अठरा वर्षं माझं काम म्हणजे पोट्ट्यांना एकमेकांच्या खांद्यावर चढवायचं आणि सगळ्यात वरच्याच्या हातात झेंडा द्यायचा, असं सगळे समजतात. झेंडा फडकला की पाहुणे टाळ्या वाजवतात आणि प्राचार्य माझ्याकडे बघून मान हलवतात. वर्षाचे बाकीचे दिवस मी काय करतो हे कोणी विचारलं नाही, माझ्या बायकोनंसुद्धा नाही.

आमचा हॉल म्हणजे टिनाचं शेड. त्यात एक पॅरलल बार आहे, म्हणजे दोन समांतर दांडे. त्यावर चपराशीभाऊ स्टेजचे धुतलेले पडदे वाळवायचे. मी ओरडलो की म्हणायचे, "सर, तुमचे पोट्टे तर संध्याकाळी येते. तवरोक वाळून जाते ना." मॅट दोन होत्या. एक स्नेहसंमेलनात स्टेजवर गेली ती तिथेच नांदायला लागली. दुसरी उंदरांनी संपवली. नव्या मॅटसाठी मी दरवर्षी अर्ज करायचो आणि दरवर्षी 'पुढच्या सत्रात पाहू' असं उत्तर यायचं. आमच्या कॉलेजातलं पुढचं सत्र काही केल्या येतच नाही.

मग मी अक्कल चालवली. आमच्याकडे धान निघालं की तणसाला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, तोटा नसतो. शेडच्या मागं पोट्ट्यांकडून गुडघाभर खड्डा खणून घेतला, एका पालकाला सांगून दोन बैलबंड्या तणस आणवलं आणि भरलं खड्ड्यात. बारही उचलून बाहेर काढला, खड्ड्याशेजारी रोवला. आता उडी मारा, उलटे पडा, काही होत नाही. अंगाला खाज तेवढी सुटायची. गावातल्या गाई रोज हजेरी लावायच्या, त्यांना हाकलणं हा आमचा वॉर्मअप.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पेपरात फोटो आला ना! 'तणसावर घडताहेत जिम्नॅस्ट' असं काहीतरी वर छापलेलं. मग काय, कोच साहेब हवेत. एका कार्यशाळेत मी त्यावर निबंध वाचला आणि 'स्थानिक साधनसामग्री' हा शब्द इतक्या वेळा वापरला की समोरचे दोघं झोपले. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं.

तणसात उतरायची एक पद्धत असते, ती मीच बसवली. पाय गुडघ्यापर्यंत आत जातात, म्हणून सरळ उभं राहायला गेलं की माणूस तोंडावर जातो. त्यासाठी पाय टेकायच्या आधीच वजन मागं टाकायचं. "मागं! वजन मागं!" असं मी तीन वर्षं रोज संध्याकाळी बोंबललो.

ती तीन वर्षं सगळ्यात मन लावून ज्यानं ऐकलं तो बी.ए.चा एक विद्यार्थी होता. सावलीकडच्या खेड्यातला, मजुरी करणाऱ्या घरातला. धानाचे भारे वाहून त्याचे खांदे असे झाले होते की बारवर हातांवर उलटा उभा राहिला की हलायचाच नाही. अठरा वर्षांत मला असा एकच मिळाला. त्याला वनरक्षक व्हायचं होतं. विद्यापीठाच्या संघात निवड, मग मोठ्या स्पर्धा, तिथं नंबर आला तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, असा त्याचा सरळ हिशेब. बापानं शिकायला तीन वर्षं दिली होती आणि चौथं मिळणार नाही हे सांगून ठेवलं होतं. हे तिसरं चालू होतं.

निवड चाचणीला आम्ही दोघं एसटीनं गेलो. तिथला हॉल बघून मी दारातच थबकलो. खाली निळ्या, कडक, चकचकीत मॅट अंथरलेल्या. त्याला म्हटलं, "घाबरू नको." तो म्हणाला, "नाई सर, चांगलंच हाये इथी."

त्याचा बारवरचा खेळ बघताना बाकीच्या कॉलेजांचे कोच बोलायचे थांबले. शेवटी तो हवेत गेला, कोलांटी पूर्ण केली, खाली आला आणि पाय मॅटला लागायच्या आधी त्यानं वजन मागं टाकलं. अगदी मी शिकवलं तसं. पाय आत गेले नाहीत, जाणार कुठं? तो धप्पकन बुडावर बसला. हॉलमध्ये हशा पिकला. व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन लाकडी घोड्यावरून मारायच्या, उडीलाही तेच झालं. एक परीक्षक चहा पिताना मला म्हणाले, "सर, पोरगा सुरेख आहे हो. पण त्याला बसायला कोणी शिकवलं?" मीही हसलो. काय निर्लज्ज माणूस मी!

दोन वेळा बसल्याचे गुण गेले. संघात सहा जणांना घेतलं, हा सातवा.

परतीच्या एसटीत मी दोन तिकिटं काढली. मग तो म्हणाला, "सर, माफ करा. माहं चुकलं. तुमचं नाव खराब केलं म्या." तिथं मी बोलायला हवं होतं. बाबा रे, तू नाही चुकलास, मी चुकीचं शिकवलं, एवढंच वाक्य होतं. मी म्हटलं, "होते असं. मनावर घेऊ नको." आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढचं ऐका. महिनाभरात एका मंडळानं ग्रामीण भागातल्या अभिनव प्रयोगासाठी माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि फोटो. पाहुण्यांना प्रात्यक्षिक बघायचं होतं, म्हणून प्राचार्यांनी त्यालाच बोलावलं. तो आला, बारवर चढला, तणसात उतरला. तिथं काय चुकणार? टाळ्या वाजल्या. अंगावरचं तणस झाडून तो शाल पांघरलेल्या माझ्या पाया पडला. मी "शाब्बास" म्हटलं. धरणीनं तेव्हा पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण आमची धरणी अशा कामाला कधी उपयोगी पडत नाही.

जूनमध्ये तो टी.सी. न्यायला आला. ऑफिसच्या पायऱ्यांवर भेटला. मी त्याला शेडकडे नेलं आणि तणसाचं, वजन मागं टाकायचं, सगळं एका दमात सांगून टाकलं. तो ऐकून घेत राहिला आणि म्हणाला, "मले माहीत हाये सर. पहिल्यांदा बसलो तवाच समजलं. दुसऱ्या उडीले वजन समोर टाकाले पाह्यलं, पण आंगाची सवय, जातेच मागं."

"मग एसटीत माफी काऊन मागितली रे?"

"तुमचं तोंड पाह्यलं म्हणून."

"अन् नंतर? सत्काराच्या दिवशी तरी बोलायचं. मले शिव्या द्यायच्या."

तो हसला. "सर, तुमी मनाले लावून घेतलं अन् शिकवणं सोडलं त मागून येणाऱ्या पोट्ट्यायनं काय करावं? इथी दुसरं कोण हाये?"

अठरा वर्षं मी समजत होतो की पोट्टे पडू नयेत म्हणून खाली मी उभा आहे. त्या एसटीत पडत मी होतो आणि मला त्यानं धरलं होतं, तेही स्वतःची नोकरीची संधी गेलेली असताना.

त्यानं टी.सी.ची घडी करून खिशात ठेवली. बापाबरोबर तो येत्या हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जाणार होता. जाताना म्हणाला, "सर, लहान पोट्ट्यायले मॅट येईपर्यंत तरी साध्या जमिनीवर उतरवत जा. लागते जरा, पण उभं राहाले शिकते."